पडण्याआधीचा थांबा

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागील रविवारच्या पुरवणीत लॉरेल आणि हार्डी या विनोदी जोडीवर आपण पानभर मजकूर दिलात, याबद्दल प्रथम आभार मानतो. मराठवाड्यातल्या वर्तमानपत्राला पाण्याचे टँकर, सोयाबीनचे भाव आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस यांतूनच जागा उरत नाही. त्यात शंभर वर्षांपूर्वीच्या दोन परदेशी विदूषकांना अख्खे पान मिळावे, ही गोष्ट माझ्यासारख्याला सुखावणारी आहे. तो लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा चहा घेताना वाचला आणि दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसलो, कारण दोन गोष्टी खटकल्या होत्या.

त्यांतली एक किरकोळ आहे. छायाचित्राखालच्या ओळीत नावांची अदलाबदल झाली आहे; जाड तो ऑलिव्हर हार्डी आणि सडपातळ तो स्टॅन लॉरेल. दुसरी गोष्ट मात्र किरकोळ नाही. लेखकाचे म्हणणे असे की, या दोघांचा विनोद म्हणजे निव्वळ आदळआपट. कोणी घसरतो, कोणाच्या डोक्यात काही पडते, आणि याला भाषा लागत नसल्यामुळे आजच्या मुलांनाही तो मोबाईलवर अर्ध्या मिनिटात कळतो, म्हणूनच ही जोडी टिकून राहिली. मला शंका येते, की लेखकाने त्यांना अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यांतच पाहिले असावे. पडणारे आणि पाडणारे नट त्या काळात ढिगाने होते, आणि त्यांतल्या बहुतेकांची नावे आज कोणी घेत नाही. हे दोघे टिकले ते पडण्याआधी आणि पडल्यानंतर जे थांबतात त्यामुळे. हे मी पुस्तकातले सांगत नाही. तो थांबा मी एकदा स्वतःच्या हाताने कापला होता, आणि त्याचा परिणाम तंबूत बसलेल्या माणसांच्या तोंडावर पाहिला होता.

मी मूळचा गंगाखेडचा. पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालो असलो, तरी त्याआधीची सहा वर्षे मी एका टुरिंग टॉकीजवर ऑपरेटर होतो. यात्रा-जत्रांच्या मागे आमचा तंबू हिंडत असे, आणि मार्गशीर्षात लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा ही आमची वर्षाची मोठी कमाई होती. एका अंगाला घोड्यांचा आणि गाढवांचा बाजार, दुसऱ्या अंगाला तमाशाचे फड आणि मध्ये आमची कनात, अशी ती मांडणी असे. मुख्य खेळ मराठी किंवा हिंदी चित्रपटाचा होई. पण मालकाला कोठून तरी या जोडीचा एक जुना छोटा चित्रपट, १६ मिलिमीटरच्या एकाच मोठ्या रिळात, स्वस्तात मिळाला होता, आणि तो आम्ही आधी लावत असू. त्यातले इंग्रजी संवाद कोणाला कळत नव्हते आणि त्याबद्दल कोणाची तक्रारही नव्हती. १९७८च्या यात्रेत तंबूबाहेर ‘आज जाड्या-रड्या’ एवढी खडूने लिहिलेली पाटी लागली, की माणसे घोंगड्या पांघरून खेळाच्या अर्धा तास आधी येऊन बसत.

तो चित्रपट १९३२ सालचा ‘द म्युझिक बॉक्स’. विनोदी लघुपटासाठीचा ऑस्कर पुरस्कार ज्या वर्षी पहिल्यांदा दिला गेला, त्या वर्षी तो याच चित्रपटाला मिळाला. कथा म्हणावी तर दोन ओळींची आहे. खोक्यात बंद केलेला एक पियानो या दोघांना एका घरी पोचवायचा आहे आणि ते घर टेकडीवर, लांबलचक पायऱ्यांच्या वरच्या टोकाला आहे. लॉस एंजेलिसमध्ये त्या पायऱ्या अजून आहेत आणि लोक मुद्दाम त्या चढून पाहायला जातात. खोके वर जाते आणि पुन्हा खाली येते. वाटेत एक दाई बाळाची गाडी घेऊन वरून येते, आणि तिला वाट द्यावी म्हणून हे दोघे मोठ्या सभ्यपणे बाजूला होतात. पडद्यावर खोके हलायच्या आधीच आमच्या पुढच्या रांगेतली एक म्हातारी रोज ओरडत असे, “अरे धर की रे मुडद्या, चालली ना पेटी!” ती म्हातारी यात्रेत बांगड्या विकायला येत असे. तिने तो खेळ चार रात्री पाहिला आणि चारही रात्री ती त्याच जागी, तितक्याच काकुळतीने ओरडली. हशा त्या ओरडण्यापासून सुरू व्हायचा. खोके घसरेपर्यंत तो चांगला पिकलेला असायचा.

सगळ्या पायऱ्या चढून झाल्यावर एक पोस्टमन त्यांना सांगतो, की मागच्या बाजूने गाडीरस्ता थेट दारापर्यंत येतो. दोघे ऐकून घेतात. आणि मग कोणताही शहाणा माणूस करणार नाही ते करतात: पियानो पुन्हा सगळ्या पायऱ्या उतरवून खाली नेतात, गाडीत चढवतात आणि रस्त्याने वर आणतात. या जागी तंबूत जे व्हायचे ते मला नीट सांगता येणार नाही. मोंढ्यात हमाली करणारी माणसे तर रडकुंडीला यायची, कारण ‘मालक, आधी का नाही सांगितलं’ हे वाक्य त्यांच्यातल्या प्रत्येकाच्या ओठावर केव्हा ना केव्हा आलेले होते.

त्या वर्षी गर्दी चांगली होती आणि मालकाला रात्रीत एक खेळ जास्त बसवायचा होता. त्यांनी मला बोलावून सांगितले, “त्या इंग्रजी रिळात नुसते उभे राहून बघत्यात, तेवढे काप.” मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि मालकाचे म्हणणे मला पटलेही होते. दुपारी कनातीच्या सावलीत बसून मी रीळ हाताने उलगडत गेलो आणि जेथे काही घडत नव्हते तेथे तेथे कात्री लावली. हार्डी सरळ प्रेक्षकांकडे वळून पाहतो ते काढले, लॉरेल डोके खाजवतो ते काढले, एकमेकांच्या डोक्यावर चुकून गेलेल्या हॅटची अदलाबदल काढली. सगळे मिळून सात मिनिटे निघाली. एकही घसरणे, एकही आपटणे मी कापले नव्हते.

त्या रात्री खेळ पडला. हशा झाला, नाही असे नाही, पण तो लागूनलागून आणि तुटक होता. एका आपटण्याचा हशा संपायच्या आत दुसरे आपटणे येऊन जाई आणि ते कोणाच्या लक्षातच येत नसे. बांगड्या विकणारी म्हातारी ओरडली नाही, कारण तिला ओरडायला वेळच मिळाला नाही. खेळ सुटल्यावर एक शेतकरी मशीनजवळ येऊन मला म्हणाला, “ऑपरेटर, काल लई हसलो होतो. आज यंत्रात काही बिघाड आहे का?” कापलेले तुकडे मी सुदैवाने बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी मालक बाजारात गेले असताना मी ते सगळे पुन्हा जोडले. प्रत्येक जोडापाशी चित्र उडी मारू लागले, पण म्हातारी परत ओरडू लागली.

याचे कारण मला पुष्कळ वर्षांनी वाचनातून कळले. हॅल रोच यांच्या स्टुडिओत या जोडीचा चित्रपट तयार झाला, की तो आधी प्रेक्षकांना दाखवून पाहत, कोठे किती वेळ हशा टिकतो ते नोंदवत आणि त्या मानाने संकलनात फेरफार करत. हार्डीचे ते प्रेक्षकांकडे पाहणे जिथे लांबलेले दिसते, तिथे ते बहुधा भरलेल्या थिएटरातल्या हशाला जागा करून देण्यासाठी लांबवलेले असते. म्हणजे त्या चित्रपटांत प्रेक्षकांच्या वाट्याची जागा आधीच कापडाच्या शिवणीत सोडतात तशी सोडलेली आहे. एकटा माणूस हातात मोबाईल घेऊन बसला, की त्याला ती जागा रिकामी वाटते, आणि तुकडे करून टाकणाऱ्यालाही रिकामीच वाटत असणार. माझ्या मालकालाही तसेच वाटले होते.

याचे याहून बोलके उदाहरण ‘द बॅटल ऑफ द सेंच्युरी’ या १९२७च्या मूकपटाचे आहे. त्यात क्रीमचे ‘पाय’ (म्हणजे क्रीम भरलेला एक गोड विलायती पदार्थ) एकमेकांच्या तोंडावर फेकण्याची जी लढाई आहे, तिच्यात तीन हजारांच्या आसपास पाय उडाले असे सांगतात. पण अनेक दशके त्या रिळाची पूर्ण प्रत हरवलेली होती आणि जगाने पाहिले ते एका संकलित चित्रपटात उरलेले कापीव तुकडे. त्यामुळे सर्वांचा समज झाला, की हा नुसता पायांचा धुमाकूळ आहे. पूर्ण रीळ २०१५ साली सापडले, तेव्हा दिसले की सगळे एका केळीच्या सालीपासून सुरू होते. लॉरेलचा विमा उतरवून तो घसरावा म्हणून हार्डी ती साल टाकतो, तिच्यावरून पाय विकणारा घसरतो, मग एक पाय, मग त्याला उत्तर म्हणून दुसरा, मग मध्येच सापडलेला तिसराच कोणी, असे करत करत ती लढाई अख्ख्या गल्लीत पसरते. प्रत्येक नवा माणूस तोंडावर पाय बसल्यावर क्षणभर उभा राहतो, विचार करतो, आणि मग सामील होतो. त्या क्षणभराशिवाय ती नुसती नासधूस राहते.

१९२९च्या ‘बिग बिझनेस’मध्ये हा थांबा इतका लांबवला आहे, की तो शिष्टाचारच होऊन बसला आहे. कॅलिफोर्नियाच्या उन्हात हे दोघे दारोदार नाताळची झाडे विकत हिंडतात, आणि जेम्स फिनलेसन या नटाने रंगवलेला चिडका घरमालक त्यांचे झाड कापून टाकतो. मग हे त्याच्या दाराची मोडतोड करतात, तो त्यांच्या मोटारीचा एक भाग उखडतो, आणि शेवटी एकीकडे मोटारीचा सांगाडा उरतो आणि दुसरीकडे घराचा. पण एकाची मोडतोड चालू असताना दुसरा अडवत नाही, बाजूला उभा राहून लक्षपूर्वक पाहतो आणि आपली पाळी आली की कामाला लागतो. एक पोलीस येतो आणि सगळे वहीत टिपून घेतो. ज्याने बांधावरची भाऊबंदकी पाहिली आहे त्याला हे अनोळखी वाटणार नाही. धाकट्याने थोरल्याची बाभूळ तोडायची, थोरल्याने धुऱ्यावर हाताची घडी घालून ती पडेपर्यंत पाहायचे, आणि मग शांतपणे जाऊन धाकट्याच्या पाइपलाइनीवर कुऱ्हाड घालायची. शेवटी तलाठ्याने येऊन पंचनामा लिहायचा. आमच्या भावकीत हा चित्रपट तीन पिढ्या चालू आहे, फक्त त्याला कोणी हसत नाही.

लेखात ‘भाषा लागत नाही’ असे जे म्हटले आहे, तेही तपासून घेतले पाहिजे. बोलपट आले तेव्हा पुष्कळ मूकनटांचे पाय घसरले, पण या दोघांचे उलट झाले. हार्डीचे अमेरिकेच्या दक्षिणेतले अदबशीर, फुगवून बोलणे आणि लॉरेलचे इंग्लंडमधले बारीक बोलणे हे त्यांच्या विनोदात मिसळून गेले. डबिंगची सोय नव्हती तेव्हा त्यांनी आपले काही चित्रपट स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन अशा भाषांत पुन्हा उभे केले. त्या भाषा येत नसल्यामुळे उच्चार कॅमेऱ्याबाहेर लिहून ठेवलेल्या पाट्यांवरून वाचले. इटलीतल्या लोकांना तर त्यांचे मोडकेतोडके इटालियन इतके आवडले, की पुढे डबिंग करणारे नटही मुद्दाम परदेशी हेल काढून बोलत.

आणि नावांचे काय? जर्मन लोक त्यांना ‘जाड आणि मठ्ठ’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात, स्पॅनिश आणि पोर्तुगीज ‘जाड आणि रोड’ म्हणतात, पोलंडमध्ये ते ‘फ्लिप आणि फ्लॅप’ आहेत. मराठीने मात्र ‘जाड्या-रड्या’ म्हटले. देहावरून एकाचे नाव ठेवले आणि स्वभावावरून दुसऱ्याचे. आमच्या लहानपणी गोट्या खेळताना हरल्यावर जो तोंड वाकडे करी, त्याला ‘रडीचा डाव खडी’ म्हणून पोरे चिडवत. लॉरेलचे रडणे अगदी त्या जातीचे आहे. केस ओढत, तोंड मुडपत, डाव हरलेल्या पोरासारखे. ज्या कोणी मराठी माणसाने हे नाव पहिल्यांदा उच्चारले त्याने चित्रपट पूर्ण पाहिलेला असणार. अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यात लॉरेल रडण्यापर्यंत पोचतच नाही.

माळेगावच्या प्रेक्षकांना हे दोघे परके वाटले नाहीत, यामागे आणखी एक कारण होते असे मी मानतो. शेजारच्या फडात तेच लोक बतावणी पाहून आलेले असत. बतावणीत सरदार शहाणा आणि सोंगाड्या वेंधळा; सरदाराने काही सांगायचे, सोंगाड्याने त्याचा शब्दशः अर्थ घेऊन घोळ घालायचा, आणि मग सरदाराने हताश होऊन समोरच्या लोकांकडे पाहायचे. हार्डी पडद्यावरून आमच्याकडे पाहतो ते याहून वेगळे काय आहे? गोंधळातही मुख्य गोंधळी कथा सांगत असताना त्याचा साथीदार मध्येच भोळेपणाने काहीतरी विचारतो आणि नायकाला थांबावे लागते. त्यामुळे ‘हा आपल्याकडे बघतोय’ हे आमच्या लोकांना कोणी समजावून द्यावे लागले नाही. बोलपटाच्या सुरुवातीच्या काळात रणजित मूव्हिटोनच्या चित्रपटांतली दीक्षित आणि घोरी ही जाड-रोड जोडी भारताचे लॉरेल-हार्डी म्हणून गाजली होती, हे आज फार थोड्यांना माहीत आहे. चिमणराव-गुंड्याभाऊंना मात्र मी त्या रांगेत बसवणार नाही. चिं. वि. जोशींची ती माणसे आपल्याच मातीतली होती, आणि १९४०च्या ‘लग्न पहावे करून’मध्ये दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांनी ती उभी केली तेव्हा कोणाची नक्कल करण्याची त्यांना गरज पडली नाही.

पडद्यावर शहाणपणाचा आव हार्डीचा असला, तरी पडद्यामागे सगळी सूत्रे लॉरेलच्या हातात होती. १८९० साली इंग्लंडमधल्या अल्व्हरस्टन या गावी जन्मलेला हा नाटकवाल्याचा मुलगा फ्रेड कार्नो यांच्या मंडळीत चार्ली चॅप्लिनचा बदली नट होता आणि त्याच मंडळीबरोबर १९१० साली अमेरिकेला गेला. जॉर्जिया राज्यातल्या हार्लेम गावचा हार्डी त्याच्यापेक्षा दीड वर्षाने लहान. तो तरुणपणी एका सिनेमा थिएटरात काम करता करता ‘हे मलाही जमेल’ म्हणून नट झाला. १९२७पासून जोडी म्हणून त्यांची खरी कारकीर्द सुरू झाली आणि लहानमोठे मिळून १०७ चित्रपटांत ते एकत्र दिसले. लॉरेल चित्रीकरण संपल्यावरही विनोद रचत आणि संकलनाच्या टेबलाशी बसत असे, हार्डी गोल्फ खेळायला जाई, आणि लॉरेलला पगार जास्त होता याबद्दल हार्डीची कधी तक्रार नव्हती. १९४०नंतर मोठ्या स्टुडिओंत गेल्यावर लॉरेलच्या हातातून हा ताबा गेला, आणि त्या वेळचे चित्रपट पाहिले की मला माझीच ती सात मिनिटे आठवतात.

९ सप्टेंबर १९५३ रोजी त्यांची बोट आयर्लंडच्या कोव्ह बंदराला लागली. तेव्हा दोघेही उतारवयात होते, चित्रपट मिळेनासे झाले होते आणि रंगभूमीवर दौरे काढून ते दिवस काढत होते. धक्क्यावर माणसांची दाटी झाली होती, आणि तिथल्या कॅथेड्रलच्या घंटांवर त्यांच्या चित्रपटांची ती ‘कुकू’ची धून वाजू लागली. जाड्या आणि रड्या दोघेही त्या वेळी रडले. हार्डी ७ ऑगस्ट १९५७ रोजी गेला, आणि त्यानंतर लॉरेल साडेसात वर्षे जगला तरी त्याने पुन्हा एकदाही काम केले नाही. अल्व्हरस्टनमध्ये आता दोघांचा पुतळा आणि संग्रहालय आहे. त्यांच्या चाहत्यांची जी संघटना १९६५पासून चालते, तिच्या प्रत्येक शाखेला ‘तंबू’ म्हणतात, हे वाचले तेव्हा मला आमची कनात आठवली.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी पुतण्याचा लहानसा प्रोजेक्टर आणून आमच्या गल्लीत, माझ्या घराच्या पांढऱ्या भिंतीवर ‘द म्युझिक बॉक्स’ पूर्ण लावला. अठरा-वीस मुले सतरंजीवर बसली होती. पहिली पाचसात मिनिटे ‘आजोबा, पुढे घ्या ना’ असे चालले होते, पण रिमोट माझ्या खिशात होता. मग ती दाई बाळाची गाडी घेऊन आली. दोघांनी तिला वाट करून दिली. तेवढ्यात तिसरीतला एक मुलगा ताडकन उभा राहून ओरडला, “अरे धर ना, धर ना त्याला!” आणि सगळी सतरंजी हसायला लागली. खोके तोवर हललेही नव्हते.

छायाचित्राखालच्या नावांची दुरुस्ती आपण छापालच. लेखकमहाशयांना परभणीला येणे जमले, तर भिंत आणि प्रोजेक्टर माझा. अर्धा तास तेवढा त्यांनी काढून आणावा.

कळावे,
आपला एक जुना वाचक,
परभणी